वाळूतला टाक आणि बडबडं यंत्र

एकदा एका नदीकाठच्या गावात एक यंत्र बडबडायला लागलं आणि काही केल्या गप्प बसेना. यंत्र होतं जमिनीतला धातू हुडकणारं. त्याचं काम खरं तर अगदी साधं. खाली धातू असेल तर टिंग करावं, नसेल तर मुकाट राहावं. पण हे वाळूवर धरलं तरी कुरकुरायचं, हवेत धरलं तरी कुरकुरायचं, आणि मधूनच कुणी चिमटा काढल्यासारखं किंचाळायचं. ज्यानं ते दुरुस्त केलं होतं त्या गोरक्षची या बडबडीनं झोप उडाली होती.

गोरक्ष म्हणजे तालुक्याच्या बाजारपेठेत मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त करणारा पस्तिशीचा गडी. हात चांगला, स्वभाव मोकळा, पण बंद पडलेली वस्तू त्याला बघवत नसे. हे यंत्र त्याला भंगारवाल्याकडे दिसलं. दांडी गंजलेली, खालची कॉइलची थाळी फुटलेली. त्यानं ते घरी आणलं, थाळी उघडून आतला सगळा कचरा खरवडून काढला, तांब्याची नवी तार गुंडाळली आणि वरून झकास निळा रंग दिला. बायको म्हणाली, "आता यानं गुप्तधन काढणार वाटतं?" हा म्हणाला, "निघालं तर तुला पाटल्या!" चेष्टेचा विषय होता तो. पण तेवढ्यात गयाबाईच्या घरचा टाक हरवला आणि चेष्टा बाजूला राहिली.

टाक म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उमटवलेली देवाची नाहीतर पूर्वजाची प्रतिमा, तळहातात मावेल एवढी. ती देव्हाऱ्यात असते. त्या गावात घरातला तरणा मुलगा लग्नाआधी गेला, तर त्याचाही टाक करायचे आणि त्याला वीर म्हणायचे. धुळवडीला भावकीतले सगळे वीर पितळी ताटात मांडायचे, हलगी लावून नदीवर न्यायचे, घाटावर न्हाऊ घालायचे आणि नाचवत घरी आणायचे. ताट धरायचं घरच्या कर्त्या पुरुषानं. बायकांनी लांब उभं राहून हात जोडायचे, वीराला शिवायचं नाही, अशी रीत. ही रीत कोणी घातली म्हणाल, तर मला ठाऊक नाही. ज्यांना विचारलं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गयाबाई विधवा. तिचा एकुलता एक मुलगा कैलास, लग्नाची बोलणी चालू असताना तापानं गेला. त्याचा टाक करून आणला तेव्हापासून त्या माउलीचा दिवस त्या टाकाला लांबून हात जोडूनच सुरू व्हायचा. यंदाच्या धुळवडीला ताट होतं तिच्या धाकट्या दिराच्या, निवृत्तीच्या हातात. मिरवणूक घरी आली, ताटावरचं फडकं काढलं, आणि बघतात तर बाकीचे वीर जागच्या जागी, कैलास तेवढा नाही. नाचण्याच्या भरात आपल्याच हातून पुतण्या घाटावर सांडला, असं निवृत्तीनं धरून घेतलं. गावानंही तेच धरलं. गयाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिली आणि एक शब्द बोलली नाही.

नंतर नदी आटली. घाटापुढं नुसती वाळू उरली, तेव्हा निवृत्ती गोरक्षच्या दुकानात आला. "भाऊ, तुमच्याकडं म्हणं मशीन हाये," तो म्हणाला. "वैनी मला काही बोलत न्हाई. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तरी बरं वाटलं असतं. पण मला जेवायच्या ताटावर बसवंना झालंय. येत्या सोमवारी धरणाचं पाणी सुटणार. एकदा पाणी आलं की संपलंच."

एवढं ऐकल्यावर गोरक्ष काय, कुणीही उठला असता. दुकानाला कुलूप लावून तो त्याच दिवशी नदीवर गेला. आणि तिथं यंत्रानं त्याची शोभा केली. इकडं टिंग, तिकडं टिंग, जिथं खणावं तिथं वाळू. गोरक्षला वाटलं, काठावरच्या विहिरींतून पाणी ओढणाऱ्या मोटारी त्रास देताहेत. त्यानं वायरमनच्या हातापाया पडून गावची लाइन बंद करवली. मग कुणी म्हणालं, रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलंय, ते बंद करा. तेही केलं. यंत्र बडबडतच राहिलं. इकडं मोटारी बंद म्हणून उन्हात कांदा सुकायला लागला. पहिल्या दिवशी "गयाबाईसाठी काय वाट्टेल ते" म्हणणारी माणसं दुसऱ्या दिवशी "किती वेळ लागंल अजून?" विचारायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी तर गोरक्षला चहासुद्धा कुणी विचारला नाही.

तेव्हा मात्र त्याला नाना आठवले.

नाना म्हणजे गोरक्षचे गुरू. तालुक्यात रेडिओ दुरुस्तीचं पहिलं दुकान त्यांचं. तारा जोडायला डाग द्यायची इस्तरी गोरक्षच्या हातात त्यांनीच पहिल्यांदा दिली होती. आता वय झालं होतं, डावा कान साफ गेला होता, उजवाही लहरीप्रमाणे चालायचा. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस बहिरा झाला, यावर गावात बरेच विनोद व्हायचे आणि सगळ्यात मोठ्यानं नाना स्वतः हसायचे. गोरक्षनं त्यांना स्कूटरवर मागं बसवून नदीवर आणलं. सुनेनं दिलेला डबा त्यांनी मांडीवर धरला होता.

"नाना, सगळं करून बघितलं," गोरक्ष सांगू लागला. "मोटारी बंद केल्या, कुंपण बंद केलं..."

"दम खा. आधी पाणी दे," नाना म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "हं. आता यंत्र उचल, थाळी हवेत धर, आणि हलू नकोस."

गोरक्षनं धरलं. यंत्र कुरकुरायला लागलं. नानांनी स्पीकरवर एक बोट टेकवलं. ऐकू येत नसेल तेव्हा ते बोटानं ऐकायचे.

"बघ, खाली काही नाही, तू हललाही नाहीस, तरी हे बोलतंय. म्हणजे हे वाळूबद्दल काही सांगतच नाहीये. वरून जे कानावर पडतंय, तेच बरळतंय. आता जागच्या जागी हळूहळू फिर."

गोरक्ष फिरला. थाळीची सपाट बाजू डोंगराकडं होती तेव्हा आवाज कमी होता, घाटाच्या डोक्यावरून जाणाऱ्या मोठ्या तारांकडं वळली तसा वाढला. त्या तारा गावच्या नव्हत्या. मोठाल्या मनोऱ्यांवरून त्या कुठल्या कुठं चालल्या होत्या.

"या कोण बंद करणार? तुझा वायरमन?" नानांनी विचारलं. "जगातले सगळे आवाज तू बंद करत सुटलास, बाबा. ते होतात होय कधी? आपल्या यंत्राला आवर घालावा माणसानं. खिशात काय आहे?"

"मोबाईल."

"चालू?"

"व्हिडिओ काढायला ठेवलाय," गोरक्ष ओशाळून म्हणाला. "टाक सापडला की..."

"आधी सापडू दे. तो लांब बाभळीखाली ठेवून ये." मोबाईल लांब गेला आणि कुरकुर थोडी उतरली. मग नानांनी यंत्राचा कान कमीजास्त तिखट करायचं बटण बघितलं. ते टोकापर्यंत पिळलेलं होतं. "एवढं कशाला?"

"बारीकसंही निसटू नये म्हणून."

"टाक वाळूत पडलाय, पाताळात नाही. फार तर हातभर खाली असेल." आणि त्यांनी बटण निम्म्यावर आणलं. "आता सांग, थाळी उघडलीस तेव्हा आत काळपट पापुद्रा होता का? कागदासारखा?"

"होता. पार कुजला होता. खरवडून टाकला."

नानांनी कपाळावर हात मारला. "शाब्बास रे पठ्ठ्या! घराची खिडकी काढून फेकलीस आणि वर म्हणतोस धूळ कुठून येते! अरे, बाहेरची वीज आत शिरू नये म्हणूनच लावतात तो. मी तुला काय शिकवलं होतं? न समजलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही."

गोरक्ष मान खाली घालून उभा. नानांना लगेच त्याची दया आली. शिष्याला चारचौघांत बोललो, हे त्यांना फार वेळ सोसायचं नाही. त्यांनी डबा उघडला, पोळ्या गुंडाळलेला चकचकीत फॉइलचा कागद काढला आणि पोळी त्याच्या हातात दिली. "घे, खा आधी. सकाळपासून उपाशी असशील." मग दोघांनी मिळून तो कागद तारेच्या वेटोळ्याभोवती गुंडाळला. दोन्ही टोकं एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये बोटभर फट ठेवली, एक उघडी तार कागदाला लावून यंत्राच्या निगेटिव्हला जोडली आणि वर चिकटपट्टी मारली.

यंत्र चालू केलं. आवाज नाही. गोरक्षला वाटलं बंदच पडलं. तेव्हा निवृत्तीनं बोटातली चांदीची अंगठी काढून दिली. नानांनी ती वाळूत हातभर खोल पुरली. थाळी वरून गेली आणि यंत्र एकदाच, अगदी स्वच्छ, म्हणालं, टिंग. थाळी पुढं गेली की गप्प, मागं आली की पुन्हा टिंग. निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. काठावर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. गोरक्षनं नानांचे पाय धरले, तर ते म्हणाले, "पाय सोड, वाळू तापलीय, घाटाकडून सुरुवात कर."

गोरक्षनं अख्खा घाट पिंजून काढला. खिळा निघाला. बाटल्यांची टोपणं निघाली. एक वाकडा चमचा निघाला, एक जुनं नाणं निघालं. यंत्र एकदाही खोटं बोललं नाही. पायरीपासून पार पलीकडच्या दगडांपर्यंत वाळू फिरून झाली, पण कैलासचा टाक काही निघाला नाही.

आता या गोष्टीतली अवघड जागा आली. यंत्र बिघडलेलं होतं तोवर बिचाऱ्यांना आशा होती. प्रत्येक खोट्या टिंगपाशी वाटायचं, इथं असेल. यंत्र दुरुस्त झालं आणि त्यानं स्वच्छ सांगितलं की इथं नाही. गोरक्ष मटकन खाली बसला. "नाना, हे बडबडत होतं तेच बरं होतं हो," तो म्हणाला. निवृत्ती तर कुणाकडं बघेचना.

आणि काठावरच्यांना तोंड फुटलं. एक म्हणाला, वाळूवाल्यांच्या ट्रॅक्टरनं नेला. दुसरा म्हणाला, धुळवडीलाच कुणीतरी उचलला. तिसऱ्यानं तर माशानं गिळला असं शपथेवर सांगितलं. आपल्याकडं हे एक आहेच. स्वतःचं काही हरवलेलं नसलं की माणसाला फार सुचतं. एवढ्या गलक्यात गोरक्षचा हात नकळत त्या बटणाकडं गेला. पुन्हा टोकापर्यंत पिळावं, म्हणजे खोलवरचं काहीतरी लागेल.

नानांनी ते पाहिलं. ते उठले, यंत्राचं मागचं झाकण काढलं, आतले सेल काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

"नाना! हे काय करताय? सोमवारी पाणी सुटतंय!"

नानांनी झाकण परत लावलं. उजवा कान लहरीवर असावा. काठावरच्या मंडळींकडं वळून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मंडळी, जेवायची वेळ टळून गेली. घरी जा, जेवा, मोटारी चालू करा, कांद्याला पाणी द्या." मंडळी कुरकुरत गेली. मग नाना सावकाश चालत बाभळीखाली गेले. तिथं गयाबाई सकाळपासून बसून होती. शोध सुरू झाल्यापासून रोज ती तिथंच बसत होती. नाना तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले, खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि सोलायला लागले. मूठभर दाणे तिच्यापुढं ठेवले. विचारलं काहीच नाही. गोरक्ष आणि निवृत्तीही नाइलाजानं येऊन बसले.

गोरक्ष आतून तडफडत होता. दिवस चाललाय, आणि म्हातारा शेंगा खात बसलाय! चिडून चिडून तो थकला, मग नुसताच गयाबाईकडं बघत बसला, आणि बघता बघता त्याला एकदम चमकल्यासारखं झालं. तीन दिवस आपण या बाईचा मुलगा शोधतोय. टाकाची चांदी किती जाड, हे आपण निवृत्तीला विचारलं. पत्रा सपाट की फुगीर, हेही विचारलं. आणि तो मुलगा कोण होता, हे विचारलंच नाही. त्याला मनापासून लाज वाटली.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "कैलास कसा होता हो?"

गयाबाईनं वर पाहिलं. धुळवडीपासून सगळं गाव तिच्याशी टाकाबद्दल बोलत होतं. पोराचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"लई लाजाळू," ती म्हणाली. "एवढा मोठा झाला, पर चारचौघांत सदरा काढायचा न्हाई. सगळी पोरं घाटावर पोहायची, ह्यो एकटाच जायचा वरच्या डोहात, त्या करंजाच्या झाडापाशी. मी वरडायची, आरं, एकटा नको जाऊ, पाय घसरंल. तर म्हणायचा, आये, घाटावर समदी बघत्यात मला." ती हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. "त्याला घाटावर न्हाऊ घालत्यात. हलगी लावून. समद्या गावाम्होरं. दरसाली मी लांब उभी राहून बघायची आन् माझा जीव तुटायचा. म्हणायची, माझं लेकरू लाजत आसंल."

निवृत्ती ताठ बसला. नानांचा शेंग सोलणारा हात थांबला.

"भावजी," गयाबाई दिराकडं न बघता म्हणाली, "तुमच्या हातनं न्हाई पडला तो. न्हाण झाल्यावर तुम्ही ताट झाकून दगडावर ठेवलं आन् नाचत व्हते, तवा म्या घेतला. पदराखाली धरून वरच्या डोहावर नेला. म्हणलं, एकदा, फकस्त एकदा, त्याला त्याच्या जाग्यावर मी न्हाऊ घालते. गुडघाभर पाण्यात उभी राहिले. हात कापत व्हता, आन् सुटला. हलगी थांबंस्तवर चाचपत राहिले, घावला न्हाई. परत आले तर तुम्ही समदा दोष आपल्या अंगावर घेतलेला. मला बोलायला तोंडच उरलं न्हाई. बाईमाणसानं वीराला हात लावला म्हणून बुडाला, आसं म्हणले आसते ना समदे? माझ्या लेकराला मीच बुडवला म्हणले आसते."

ती रडत होती. निवृत्ती तिच्याकडं बघत राहिला. एवढे दिवस छातीवर असलेलं ओझं उतरलं होतं, पण त्याला आनंद झालेला दिसेना.

"वैनी," तो म्हणाला, "मागितला आसता तर मी दिला आसता की."

"दिला आसता?" तिनं विचारलं.

खरं सांगतो, खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं. पण निवृत्ती मान हलवून म्हणाला, "न्हाई. नसता दिला."

मग चौघं उठली आणि नदीच्या पात्रातून वर चालू लागली. पुढं दीर-भावजय, मागं गुरू-शिष्य. गोरक्षनं नानांचा दंड धरला होता, कारण वाळूत त्यांचा पाय रुतत होता.

"नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार, वेड्या? मी का जोशी आहे!" नाना धापा टाकत म्हणाले. "पण यंत्र गप्प झाल्यावर तू पुन्हा बटणाला हात घातलास, तेव्हा मला भीती वाटली. ते खरं सांगत होतं की इथं नाही, आणि तू त्याला पुन्हा खोटं बोलायला लावणार होतास. म्हणून सेल काढले. अरे, तारांचा आवाज, मोबाईलचा आवाज, हे आपण काढले. पण टाक घाटावर पडला, घाटावर पडला, हाही एक आवाजच होता ना? सगळं गाव तेच म्हणत होतं, निवृत्ती म्हणत होता, तू म्हणत होतास, मीसुद्धा तुला म्हणालो, घाटाकडून सुरुवात कर. एवढ्या आवाजात एकटी गयाबाई गप्प होती. मी म्हटलं, आपण जरा आपला आवाज कमी करून बघू, ती काय म्हणते ते. ती काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं. विचारायचं मलाही सुचलं नाही. ते तुला सुचलं." आणि त्यांनी गोरक्षच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं नानांचा दंड आणखी घट्ट धरला.

वरचा डोह म्हणजे आता नुसता वाळूचा खळगा उरला होता. करंजाची सावली त्यावर पडली होती. वर तारा नव्हत्या, काठावर मोटारी नव्हत्या. नानांनी खिशातून सेल काढून दिले. गोरक्षनं यंत्र चालू केलं आणि थाळी वाळूवरून हळूहळू फिरवायला लागला. यंत्र गप्प होतं. या वेळी त्या गप्प राहण्याची त्याला भीती वाटली नाही. गयाबाई पदराची गाठ मुठीत धरून उभी होती. खळग्याच्या कडेला, मुळांच्या जवळ, टिंग झालं. थाळी मागं आली. पुन्हा तेच, स्वच्छ.

गोरक्ष खाली वाकला, आणि थांबला. त्यानं गयाबाईकडं पाहिलं. गयाबाईनं निवृत्तीकडं पाहिलं. तिचा हात पुढं येऊन अर्ध्यात थांबला होता. रीत होती ना, बाईनं वीराला शिवायचं नाही.

निवृत्ती दोन पावलं मागं सरकला. "वैनी, तुमीच काढा."

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. फार खोल नव्हता. वीतभर वाळू निघाली आणि तिच्या बोटांना पत्र्याची कड लागली. काळा पडला होता, पण वाकला नव्हता. तिनं तो तळहातावर घेतला, पदरानं पुसला आणि एखाद्या उशिरा घरी आलेल्या पोराला बोलावं तसं बोलली, "कुठं व्हतास रं? किती शोधलं तुला."

नानांनी तोंड फिरवलं. गोरक्ष यंत्र बंद करून उगाच त्याची दांडी पुसत राहिला. व्हिडिओ काढायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही, मोबाईल बाभळीखालीच राहिला होता.

मग निवृत्तीनं नानांच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली. तिचं झाकण उघडून तो वहिनीसमोर वाळूत बसला. "त्या दिशी तुमचं न्हाऊ घालायचं राहिलं ना," तो म्हणाला. "हात पुढं करा. मी पाणी घालतो, तुमी न्हाऊ घाला."

तिनं ओंजळ पुढं केली. तो पाण्याची बारीक धार धरून राहिला, आणि ती अंगठ्यानं टाकावरची वाळू हलके हलके धुवत राहिली, नाकाडोळ्यांतली, कानामागची. हलगी नव्हती, गाव नव्हतं.

वाचकहो, घरात कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर आज थोडा वेळ त्याच्याजवळ नुसतं बसून पाहावं.